आधी खरवडणं, मग मलम

माणसाचा दात किडला की तो अख्खी आळी डोक्यावर घेतो, आणि हिरडी सडली की गप्प बसतो. कारण साधं आहे. किडलेला दात ठणकतो, रात्रीची झोप उडवतो. हिरडीचं दुखणं चोरपावलांनी येतं. ती सुजते, बोट लावलं की रक्त येतं, तोंडाला वास येतो. हा वास ज्याचा त्याला येत नाही, बायकोला येतो, आणि ती बिचारी बोलत नाही. पुढे दात हलायला लागला की गडी दवाखान्याची पायरी चढतो आणि म्हणतो, "डाक्टर, ह्यो एवढा दात घट्ट करून द्या." जणू मी खिळे ठोकायलाच बसलो आहे. उभी हयात नगरात दाताचा दवाखाना चालवला, पण हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं.

संपादकांनी माझ्याकडून "व्यवसायातले गमतीदार अनुभव" मागवले आहेत. तसे अनुभव भरपूर आहेत. एका पाटलांना सगळे दात काढून फक्त एक ठेवायचा होता, कारण त्याला सोन्याची टोपी होती आणि ती दिसली नाही तर पाटीलकी कशी कळणार! पण ते किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगतो. इथे एका मलमाची गोष्ट सांगणार आहे. ती गमतीदार आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला अजून हसू आलेलं नाही.

आधी थोडा धंदा समजावून सांगतो. दात नीट घासले नाहीत तर त्यावर जो थर बसतो, तो लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा कडक होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटण हळूहळू हिरडीच्या खाली सरकतं. मग हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात पू होतो, आणि ज्या हाडात दात रोवलेला असतो ते हाडच झिजत जातं. गेलेलं हाड परत येत नाही. लोक याला पायरिया म्हणत. यावर पहिला उपाय एकच, आकडीसारख्या बारीक हत्यारांनी ते कीटण खरवडून काढणं. आता त्याला यंत्रं आली आहेत. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला माझ्याकडे यंत्र म्हणजे माझं मनगट होतं.

आणि आमच्या मुलखाची ठाम समजूत अशी की दात उभे आहेत ते कीटणामुळेच. ते खरवडलं की दात पडणार. दुर्दैवाने या समजुतीला पुरावाही मिळायचा. खरवडल्यावर हिरडीची सूज उतरते, दातांमधल्या फटी उघड्या पडतात, जिभेला चार दिवस सगळं मोकळं मोकळं लागतं. माणूस घरी जाऊन सांगतो, "डाक्टरनं दात ढिलं केलं." त्या गावातून मग वर्षभर कोणी फिरकायचं नाही.

अशा वेळी मला अण्णा वैद्य भेटले. माळीवाड्याच्या बाजूला त्यांचं दोन खणांचं औषधालय होतं. वयाने माझ्या वडिलांएवढे, बोलणं तिरकस, आणि माझ्या पदवीबद्दल आदर शून्य. ते हिरड्यांसाठी एक मलम करायचे. बाभळीचा डिंक भिजवून त्याचा चिकट गर करायचा, त्यात कोरफडीचा गर, बाभळीच्या सालीचा आटवलेला काढा, फुलवलेली तुरटी, लवंगेच्या तेलाचे थोडे थेंब आणि हिरड्याच्या फळाचं वस्त्रगाळ चूर्ण. हिरडा ते राजूरच्या बाजारातून आणवायचे. डोंगरातली माणसं तो वेचून तिथे विकायला आणतात, आणि नगरच्या दुकानातला हिरडा अण्णांच्या मते गुरांनाही देण्याच्या लायकीचा नसे. मलम रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत भरायचे. पत्र्याच्या डबीत कधीच नाही, कारण हिरडा लोखंडाला लागला की शाईसारखा काळा पडतो.

आज अशाच गोष्टी ट्यूबमध्ये भरून 'हर्बल जेल' म्हणून विकतात. तेव्हा तो शब्द नव्हता. मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो, तेव्हा वैद्यांच्या औषधांकडे नाक मुरडून पाहणं हा माझा धर्मच होता. अण्णा म्हणाले, "नाक मुरडू नका. लावून बघा." मी काही पेशंटांची दोन्ही बाजूंची हिरडी खरवडली आणि मलम फक्त उजव्या बाजूला लावायला सांगितलं. एका म्हातारीने मला फैलावर घेतलं. "डाव्या हिरडीनं तुमचं काय घोडं मारलंय?" पण उजवी बाजू लवकर फिकी गुलाबी व्हायची, रक्त लवकर थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी अण्णांकडे जाऊन ते कबूल केलं. त्यांनी चहा मागवला आणि एकच नियम घातला.

"खरवडल्याशिवाय कुणालाही बाटली द्यायची नाही. मी देणार नाही, तुम्हीही द्यायची नाही. घाणीवर लेप दिला तर घाण जात नाही, झाकली जाते."

हा नियम किती शहाणपणाचा आहे ते मला काष्टीच्या एका बाईने शिकवलं. बाजाराच्या दिवशी मी काष्टीला एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसत असे. ही बाई तिथे आली, तिचं सगळं खरवडलं, बाटली दिली. पुढच्या महिन्यात आली तर बाटली रिकामी, आणि हिरड्या पुन्हा काळ्या-निळ्या. विचारल्यावर मोकळेपणाने म्हणाली, "नुसतं मलम लई थंड वाटतं ओ, चरचरतच न्हाई. मग मिश्रीत कालवून लावते. आता मिश्री झोंबत न्हाई, दिसातनं कितींदा बी लावता येती." तंबाखू भाजून केलेली मिश्री हिरडी जाळत होती, आणि आमचं मलम तिला ती जास्त वेळा लावायची सोय करून देत होतं. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण फार वेळ नाही.

आता शांतवन मास्तरची गोष्ट.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हे. लहानूशेठ नावाच्या माणसाचा नगरात लग्नाचा बँड होता, आणि शांतवन त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. कुटुंब ख्रिस्ती. वाजवायला तो लहानपणी चर्चमध्ये पेटीच्या साथीने शिकला आणि पुढे कँपातल्या एका निवृत्त बँडवाल्याकडे तयार झाला. त्याने वरात उचलली की नवरदेवाचे आजोबासुद्धा नाचायचे, हे मी पाहिलेलं आहे. बाकीचा बँड म्हणजे नुसता गलका होता. लोक सुपारी द्यायचे ती मास्तरला ऐकायला, आणि हे लहानूशेठलाही माहीत होतं.

मास्तर माझ्याकडे आला तेव्हा चाळिशीच्या आत होता. खुर्चीत बसायच्या आधी त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं क्लॅरिनेटचं तोंड काढून दाखवलं. त्या काळ्या तुकड्यावर वरच्या बाजूला दोन खळगे पडलेले होते. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात थेट त्या तोंडावर टेकतात. सगळा भार त्यांच्यावर. वर्षानुवर्षं तिथे मास्तरचे दात टेकले होते.

"डाक्टर, आता दात टेकलं की हिरडीतनं कळ येती. सूर काढला की दात थरथरत्यात. पाक डोस्क्यापत्तुर जातंय."

तोंड उघडलं तर वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दाबलं की पू येत होता. दात हलत होते, पण हाड अजून पुष्कळ शिल्लक होतं. दात वाचण्यासारखे होते. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मी म्हटलं, "दोन-तीन वेळा यायचं, वर-खाली सगळं खरवडायचं, मग मलम, आणि वरचं खरवडल्यावर दीड-दोन महिने बाजा तोंडाला लावायचा नाही. हिरडीला दाताला धरायला वेळ दिला पाहिजे."

मास्तरने बाजाचं तोंड पुन्हा रुमालात गुंडाळलं. मग म्हणाला, "डाक्टर, माजा बाप गवंडी हुता. दगडाच्या भिंतीतला चुना खरवडला की भित उभी ऱ्हाती का?"

"हा चुना नाही मास्तर. भिंतीत घूस लागलीय. घूस काढायचीय."

"घुस काढाया भितच उकरावी लागती," तो म्हणाला. गवंड्याचा पोर, त्याला भिंतीच्या बाबतीत हरवणं कठीण होतं.

शेवटी आमची तडजोड झाली. आधी खालचे दात खरवडायचे. त्यांच्यावर बाजाचा भार नसतो. ते पडले नाहीत, तर वरचे. खालचं मी दोन बैठकांत स्वच्छ केलं, आणि दात जागेवर राहिले. मास्तर आरशात पाहून खूश झाला. म्हणाला, "येतो आता वरच्यासाटी." वार ठरला. मी त्या दिवशी हत्यारं उकळून तयार ठेवली होती. तो आला नाही.

लग्नसराई तोंडावर आली होती. मास्तरने दोन महिने सुट्टी मागितल्यावर लहानूशेठने काय केलं ते मला नंतर अण्णांकडून कळलं. त्याने मास्तरला बरोबर घेतलं आणि सरळ अण्णांचं औषधालय गाठलं.

अण्णांनी विचारलं, "खरवडलंय का?"

"खरवडलंय की! डाक्टरांनीच खरवडलंय," लहानूशेठ म्हणाला. "मास्तर, दाव की."

आणि मास्तरने खालचा ओठ खाली ओढून दाखवला. खालचे दात चकचकीत होते. अण्णांना कमी दिसायला लागलं होतं, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी बाटली दिली.

मी नंतर मास्तरला विचारलं, बाबा रे, तू का ओठ ओढलास? तो म्हणाला, "शेठ म्हनला, तू बसलास तर शिरूरचा क्लॅरिनेटवाला आनतो. एकदा का दुसरा गडी माज्या जागी उभा ऱ्हायला, का मला परत कोन घेतंय?" दवाखान्यात बसून "दोन महिने आराम करा" म्हणायला डॉक्टरचं काय जातं?

त्या सराईत मास्तरने जसं वाजवलं तसं आधी कधी वाजवलं नसेल. मलमातल्या लवंगेने कळ बधिर व्हायची, हिरडा आणि तुरटीने हिरडी आवळली जाऊन रक्त थांबायचं. त्याला वाटलं, बरं झालं. आत कीटण तसंच होतं, पू तसाच होता, हाड विरघळत होतं, आणि वरून रोज संध्याकाळी त्या दातांवर बाजाचा भार पडत होता. दुखणं हा घरचा कुत्रा असतो. चोर आला की तो भुंकतो. आम्ही त्या कुत्र्याचं तोंड बांधून दिलं होतं.

सराई संपल्यावर तो आला. वरचे पुढचे दात नुसते हिरडीच्या चामडीवर लोंबत होते. मी एक्स-रे काढला नाही, त्याची गरजच नव्हती. मागच्यांचंही हाड गेलेलं होतं, वरचे सगळे दात काढावे लागले. एकही दात काढताना मला जोर लावावा लागला नाही. मी आयुष्यात हजारो दात काढले, पण त्या दिवशी हात भरून आला. संतापाने आला. कोणावर संतापायचं तेही कळेना. मास्तर थुंकदाणीत थुंकून शांतपणे म्हणाला, "खालचं तर घट्ट हायती." खालचे त्याचे दात मरेपर्यंत घट्ट राहिले.

मी त्याला वरची कवळी करून दिली. जीव ओतून केली. एकसारखे, पांढरे, सुरेख दात बसवले. पण कवळीवर क्लॅरिनेट वाजत नाही. सूर लागला की टाळूवरची कवळी थरथरते, निसटते, हवा फसकन बाजूने जाते. त्याने दवाखान्यातच बाजा काढून लावून पाहिला. एक चिरका आवाज आला. त्याने बाजा उतरवला, तुकडे वेगळे केले, पुसून पेटीत ठेवले. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

लहानूशेठने शिरूरचा माणूस आणला. मास्तरला त्याने काढलं नाही, हे तो स्वतः सगळ्यांना सांगायचा. तोच लाल कोट, तीच टोपी, आणि हातात खुळखुळे. ज्याच्यामुळे बँड होता, तो मागच्या रांगेत खुळखुळे वाजवत चालायचा. एकदा चितळे रोडवर वरात गेली तेव्हा मी दवाखान्याच्या दारातून आत गेलो. मला ते बघवलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लग्नं आटली. जी झाली ती देवळात हार घालून झाली. बँडला कोण विचारतो? पण लहानूशेठ हात बांधून बसणारा गडी नव्हता. तो अण्णांकडे गेला आणि मलमाची कृती विचारली. अण्णांना एव्हाना मास्तरचं सगळं कळलेलं होतं, तरी त्यांनी ती सांगितली. विद्या विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, असं त्यांचं व्रत होतं. मी त्यांच्यावर चिडलो. ते म्हणाले, "कृती सांगितली, नियमही सांगितला." पण नियम कुठे पातेल्यात शिजतो? लहानूशेठने त्यातला राजूरचा हिरडा कमी करून दुकानातल्या हलक्या हिरड्याचा भुगा घातला, लवंगेचं तेल वाढवलं, म्हणजे लावल्याबरोबर तोंड बधिर. आणि सगळं पत्र्याच्या डब्यांत भरलं. मलम काळं पडलं, तर त्याने तेही विकलं. 'काळं दंतमलम. जितकं काळं, तितकं असली.' अण्णांनी त्यानंतर स्वतः मलम करणं बंद केलं. त्यांच्याकडची शेवटची बाटली त्यांनी मला दिली.

ती बाटली माझ्या पिशवीत होती, त्या दिवशी मी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. चाऱ्यावाचून हाडं निघालेली गुरं विकायला आलेली, घेणारं कोणी नाही. आणि त्या सगळ्यावर भोंगा चालू. लहानूशेठची जीप उभी होती, आणि बॉनेटवर लाल कोटात शांतवन मास्तर.

"ना खरवडनं, ना उपटनं!" लहानूशेठ भोंग्यातून सांगत होता. "ह्ये मास्तर. दात असं लोंबत हुतं, साऱ्या नगरानं बघितलंय. आज बघा! मास्तर, हसा!"

मास्तर हसला. मी केलेले दात उन्हात चमकले. गर्दीतून "आयला!" असा आवाज निघाला आणि हात पुढे झाले. माझ्या शेजारी एक तरणी बाई डबी घ्यायला पदराची गाठ सोडत होती. तिची हिरडी बोलताना दिसत होती, सुजलेली, जांभळी, पण दात अजून जागेवर होते. मास्तरचे होते तसेच. मी म्हटलं, "बाई, थांब. ते दात खरे नाहीत. मी केलेत ते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सोताचं दात बघा आधी तुमचं." माझे दात चहाने पिवळे पडलेले आहेत, हे खरं आहे. तिने डबी घेतली.

तेवढ्यात मास्तरने मला पाहिलं. तो बॉनेटवरून उतरला, जीपच्या मागे आला आणि कोट सावरत हळूच म्हणाला, "डाक्टर, रागावू नका. घरात चार तोंडं हायती, दुष्काळी कामावर खडी फोडाया हात चालत न्हाईत." मग आणखी हळू म्हणाला, "कवळी लई टोचतीया ओ. हसून हसून हिरडी सोलली. जरा घासून देता का? उद्या शेवगावचा बाजार हाय."

मी काय करायला हवं होतं? कोणी सांगेल का? समोर दुखणारं तोंड होतं. मी पिशवी उघडली. कवळीची टोचणारी कड कानशीने घासली, हिरडीवरची जखम स्वच्छ केली, अण्णांची बाटली काढली आणि बोटाने तिथे मलम लावायला लागलो. त्या जखमेला खरोखर त्याचाच उपयोग होता.

लहानूशेठने मागे वळून पाहिलं. त्या माणसाला संधी कधी समजावून सांगावी लागली नाही.

"बघा मंडळी, बघा! नगरचे दाताचे मोठे डाक्टर! सोताच्या हातानं मास्तरला मलम लावाया आल्यात!"

गर्दी जीपच्या मागे वळली. मास्तरने घाईने कवळी तोंडात सरकवली. मी ओरडून सांगितलं, "हे ते मलम नाही, आधी खरवडावं लागतं," पण भोंग्यापुढे माझा आवाज कुठे पोचणार! पुढे आली ती मघाचीच बाई. आता तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर होता. तिने काळी डबी माझ्यापुढे धरली आणि तोंड उघडलं.

"माज्याबी हिरडीला तुमच्याच हातानं लावा, डाक्टर."

"लावतो," मी म्हटलं. "पण आधी खरवडावं लागेल. आत्ता इथेच करतो. काही घेणार नाही तुझ्याकडून. दात वाचतील गं तुझे."

तिने तोंड मिटलं. थोडा विचार केला, आणि माझ्या खांद्यावरून मास्तरला विचारलं, "मास्तर, तुमचं ह्ये वरचं दात खरवडलं हुतं का वो?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तरी हा खोटं बोलेल, हो म्हणेल.

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "वरचं कधीच खरवडलं न्हाई."